पाठ : भटकणारें मन व अंतरींची शांति

आपल्या जिल्ह्यांत प्रवरेच्या तीरीं नेवासें गांव आहे. तेथें इ. स. 1290 सालीं ज्ञानदेवांनीं गीतेवरील आपली मराठी टीका पूर्ण केली. ज्या खांबाला टेकून त्यांनीं ती सांगितली असें परंपरा मानते, तो दगडी खांब आजही तेथें आहे. ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत ध्यानाचा विषय आला आहे. मन आवरणें हें वारा कोंडण्याइतकें कठीण आहे, असें अर्जुन त्यांत कबूल करितो. श्रीकृष्ण त्याला दोष देत नाहीं. मन चंचल आहे हें तो मान्य करितो, आणि अभ्यास व वैराग्य असे दोन उपाय सांगतो. त्यांपैकीं अभ्यासाविषयीं आज आपण विचार करूं.

आम्हां सर्वांचा अनुभव काय आहे? संध्याकाळीं प्रार्थनेस डोळे मिटावे, तों मन सोसायटीच्या हप्त्याकडे धांवतें, न पडलेल्या पावसाकडे जातें, बांधावर शेजाऱ्यानें काढलेल्या शब्दाकडे वळतें. हें ध्यानांत येतांच आम्ही आपल्यावरच चिडतों. मन भटकलें तें भटकलेंच, वर रागाची भर पडली!

गुराखी काय करितो तें पाहा. गाय दुसऱ्याच्या ज्वारींत शिरूं लागली, तर तो तिच्याशीं वाद घालीत बसत नाहीं; तिला वळवितो आणि वाटेवर आणितो. दिवसांतून वीस वेळां वळवावें लागलें, म्हणून राखण फुकट गेली असें कोणी म्हणत नाहीं. तें वळविणें हीच राखण होय.

मनाचेंही तसेंच आहे. पाठ ताठ ठेवून स्वस्थ बसावें. श्वास आंत येतो, बाहेर जातो, इतकेंच जाणावें. तो मुद्दाम लांबवूं नये. विचार आला तर 'ही काळजी', 'हा राग' असें ओळखावें आणि श्वासाकडे परत यावें. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत इगतपुरी येथें 1976 सालापासून विपश्यनेचीं शिबिरें भरतात. तेथील दहा दिवसांच्या शिबिरांतही आरंभ श्वासाच्या निरीक्षणानेंच होतो.

ह्यापासून लाभ कोणता? न ओळखलेला राग थेट जिभेवर येतो. ओळखलेला राग क्षणभर थांबतो. त्या क्षणांत कठोर शब्द गिळतां येतो. घरांतील किती तंटे त्या एका क्षणावांचून पेटतात!

तथापि दोन गोष्टी विसरूं नयेत. स्वस्थ बसल्यानें हप्ता फिटत नाहीं. उठून त्याची तजवीज करावीच लागते. मात्र थाऱ्यावर असलेल्या मनाला तजवीज सुचते. दुसरें असें कीं, मोठ्या दुःखांत असलेल्या मनुष्याची व्याकुळता एकांतांत बसल्यानें वाढत असेल, तर त्यानें हा अभ्यास थांबवावा, विश्वासू माणसाजवळ मन मोकळें करावें व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ह्यांत कमीपणा नाहीं.

मननार्थ प्रश्न :
1. आज आमचें मन वारंवार कोठें गेलें?
2. तें परत आणितांना आम्ही त्याला मायेनें वळविलें, कीं मारून?