अंदमानला निघालीस, एवढं ऐकून जा

अंदमानचं ठरलं म्हणून तुझ्या आईचा फोन आला, फार बरं वाटलं. नोकरी नवी, पगार बेताचा, रजा आठ दिवसांची, हेही कळलं. म्हणून आत्याचा पहिला कानमंत्र पैशांचाच. खोली, जेवण आणि गाडी यांत हात आखडता घे. समुद्रात उतरताना मात्र घेऊ नकोस. आमच्या घरातून होडीवर जाणाऱ्याला आजोबा एवढंच सांगायचे, तांडेल आणि दोरी चांगली बघ, बाकीचं चालवून घेता येतं. पुढचं सगळं मी त्याच हिशेबानं सांगतेय.

नाताळ ते नवं वर्ष हा काळ टाळ. तेव्हा विमान, खोली, बोट सगळं महागतं आणि तरी जागा मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र शांत असतो, पाणी निवळतं, गर्दीही ओसरते. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे केरळच्याही आधी तिथं पोचतात, मग बोटी कधी सुटतील याचा भरवसा नाही. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं जातात. स्वस्त म्हणून मोह होईल, पण एका बाजूला तीनेक दिवस लागतात, आठ दिवसांच्या रजेत ते बसत नाही. पैसे वाचवायचे तर विमानाचं तिकीट दोन-तीन महिने आधी काढ.

नावं दोन्ही पाठ कर. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक आणि नील ही बेटं २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, रॉस बेट नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. कागदावर नवं नाव आणि धक्क्यावर लोकांच्या तोंडी जुनं, अशा वेळी एकच नाव माहीत असलं तर गोंधळ उडतो.

बेटांमधल्या प्रवासाला सरकारी बोट धर. फिनिक्स बे धक्क्यावरून ती सुटते, हॅवलॉकला अडीच तासांच्या आसपास लागतात. खाजगी बोट तासभर लवकर पोचवते, पण भाडं कितीतरी जास्त आणि बसायचं बहुतेक बंद काचांच्या आड. सरकारी बोटीवर बाहेर उभं राहता येतं, उडते मासे दिसतात, बेटं एकामागून एक मागं पडताना दिसतात. तिकिटं पटकन संपतात, म्हणून विक्री सुरू झाली की लगेच काढ आणि ओळखपत्र जवळ ठेव. बोट लागत असेल तर ती सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास गोळी घे, बोटीच्या मध्यावर बस आणि नजर क्षितिजावर ठेव. मोबाईलमध्ये डोकं घातलंस की मळमळ वाढलीच म्हणून समज.

तिथं दिवस लवकर उजाडतो आणि लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. मुंबईच्या सवयीनं नऊला उठलीस तर अर्धा दिवस हातचा गेला. सहाला बाहेर पड. सकाळी पाणीही संथ असतं.

हॅवलॉकला गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला साध्या खोल्या आणि झोपड्या मिळतात. धक्क्यावरून राधानगरला सरकारी बस जाते, तिची वेळ उतरल्याबरोबर विचारून घे. परतीची शेवटची गाडी चुकली तर टॅक्सीवाला सांगेल तो आकडा द्यावा लागतो. परवाना असेल तर दिवसाच्या भाड्यानं स्कूटर परवडते. नीलला सायकल पुरते, बेटच तेवढं आहे. या दोन्ही बेटांवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे, त्यामुळे बाजारातल्या छोट्या खाणावळीत भात, मसूर डाळ, भाजी आणि मासळी असं पोटभर ताट मिळतं. तिथंच जेव. हिंदी सगळ्यांना येतं. रोख पैसे पोर्ट ब्लेअरमध्येच काढून ठेव. छोट्या बेटांवर एटीएम मोजकी आणि नेटवर्क लहरी.

आता समुद्राचं. आपण कोकणातली माणसं, भरती-ओहोटी तुला शिकवायला नको. पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला हिशेब तिथं घड्याळाशी जुळेल असं धरून चालू नकोस. धक्क्यावर किंवा बोटवाल्याला विचार. एका दिवसाची वेळ कळली की दुसऱ्या दिवशी पाऊण-एक तास पुढं धर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि ओहोटीही खोल, हे तर तुला ठाऊकच आहे. नीलचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच चालत जाऊन नीट बघता येतो, तिथले खडक निसरडे, तेव्हा पायात पकड असलेली चप्पल हवी. उलट विजयनगरसारख्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं आणि खडक उघडे पडतात, तिथं पोहायला भरती हवी. राधानगरला वाळूच वाळू, तिथं कधीही जा, पण नेमून दिलेल्या जागेतच पोह. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरायचं नाही. पाटी लावलेली असेल तर ती वाचून माघारी फिर.

साहसाचेही टप्पे कर. आधी स्नॉर्केलिंग, मग स्कूबा. नळीतून तोंडानं श्वास घेण्याची सवय इथल्या पोहण्याच्या तलावात करून जा, म्हणजे तिथं पैसे भरलेला वेळ घाबरण्यात जात नाही. मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकव आणि नाकानं हळूच श्वास ओढ. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची बट आत अडकली की पाणी शिरतं. अंगात लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाल, पाठ भाजत नाही आणि क्रीमही कमी लागतं. हॅवलॉकचा एलिफंट बीच स्नॉर्केलिंगला चांगला. बोटीनं जाता येतं, आणि जंगलातली पायवाट उघडी असेल तर वाटाड्या घेऊन चालतही. चालत गेलीस तर पैसे वाचतात आणि जंगलही बघून होतं.

जेट स्की, बनाना बोट, समुद्रतळावर टोप घालून चालणं, या सगळ्यांची एकत्र पॅकेजं तुला विकतील. ती सोड. ते पैसे साठवून एकच स्कूबाची डुबकी चांगल्या माणसाबरोबर मार. पोहता न येणाऱ्यालाही पहिली डुबकी करता येते, कारण प्रशिक्षक सतत धरून असतो. पहिल्या डुबकीची मर्यादा बारा मीटर. दुकान निवडताना भाव विचारण्याआधी हे विचार: एका प्रशिक्षकाकडे किती जण, त्याचं प्रमाणपत्र कुठलं, बोटीवर प्राणवायूचा सिलिंडर आहे का, उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेतात का. उत्तरं देताना जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे स्वस्तातही जाऊ नकोस. तब्येतीचा फॉर्म खरा भर. दमा, हृदयाचा किंवा कानाचा त्रास लपवायचा नाही, सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मार, कान मोकळे होतात. ही क्रिया कान दुखायच्या आधीच करत राहायची. दुखलं तर थांब, खूण कर, थोडी वर ये. आणि पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नकोस. वर येताना पाण्याचा दाब घटतो, छातीतली हवा फुगते, ती बाहेर पडायला वाट हवी.

पोवळ्यांवर पाय टेकायचा नाही, हात लावायचा नाही. ते जिवंत प्राणी आहेत, फार सावकाश वाढतात, आणि एका लाथेनं मोडतात. समुद्र तापल्यानं अंदमानची पोवळी आधीच पांढरी पडून सोसताहेत. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये त्यांच्यासारख्या सागरी जिवांसाठीच राखलं. तिथल्या जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिकची बाटली नेता येत नाही, परवाना आधी काढावा लागतो. नियम कडक आहेत म्हणूनच तिथलं पाणी बघण्यासारखं राहिलंय. शंख, पोवळी, अगदी किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नकोस. वन्यजीव कायद्याचा बडगा तर आहेच, विमानतळावर सामान तपासतात. पण रिकाम्या शंखात संन्यासी खेकडा घर करतो, ते घर तू का उचलावंस?

कमी पैशांत भरपूर आनंद हवा तर डोंगर चढ. चॅथमच्या धक्क्यावरून बांबू फ्लॅटला जाणारी नाव किरकोळ तिकिटात पलीकडं नेते, तिथून माउंट हॅरिएटला जायचं. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या साथीदारांना इथं काळ्या पाण्यावर धाडलं होतं, त्यांच्या स्मरणार्थ २०२१ मध्ये डोंगराला माउंट मणिपूर नाव दिलं. वीस रुपयांच्या जुन्या लाल नोटेवरचं चित्र याच बाजूच्या देखाव्याचं. दक्षिणेला चिडिया टापूच्या मुंडा पहाडची वाट छोटी आणि सोपी, पण सूर्यास्त बघून अंधारात उतरायला विजेरी हवी.

बारातांगला चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतली नाव सुरेख आहे. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्यानंच सोडतात. तिथं गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं यावर बंदी आहे. जारवा दिसतील या आशेनं कुणी निघत असेल तर त्या गाडीत बसू नकोस. ते आपल्या घरात राहताहेत, माणसं बघायला तिकीट काढून जायचं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आखणी उलटी कर. लोक उतरल्या उतरल्या पोर्ट ब्लेअर बघतात आणि हॅवलॉक शेवटाला ठेवतात. तू उतरलीस की पुढच्या बोटीनं हॅवलॉकला जा, मग नील, आणि पोर्ट ब्लेअर शेवटच्या दोन दिवसांना ठेव. हवा बिघडून बोट रद्द झाली तरी विमान चुकत नाही. डुबकीनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं, कारण दाबाखाली रक्तात विरलेला नायट्रोजन वायू अंगातून निघायला वेळ लागतो. तोही वेळ आपोआप मिळतो.

आणि सेल्युलर जेलला अख्खी सकाळ देता येते. १९०६ मध्ये बांधून झालेल्या त्या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांपुढं दुसरीची पाठ येईल अशी ती रचना, कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये म्हणून. ४ जुलै १९११ ला सावरकरांना तिथं आणलं, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासूनच तिथं होते. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या त्या कोठडीत आपली माणसं जातातच, तूही जा. पण खालचा कोलू, म्हणजे तेलाचा घाणा बघ, ज्याला माणसं जुंपली जायची. भिंतीवरच्या पाट्या वाच. बंगालची, पंजाबची कितीतरी नावं आहेत. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीनं दूध पाजताना मेलेले महावीर सिंह इथलेच कैदी. वाटाड्याच्या घाईनं फिरू नकोस, त्या पाट्यांना वेळ दे. त्या वेळेचे पैसे पडत नाहीत, तो फक्त आखणीत राखून ठेवावा लागतो. म्हणून तिकिटं काढायच्या आधी कागदावर शेवटचे दोन दिवस लिही आणि मग पहिले.