उसने आणि आपले

पहिल्या वर्षाला असताना ट्यूटोरियलसाठी मी संत एकनाथांवर निबंध लिहिला होता. लिहिला कसला, एका गाईडमधून उतरवून काढला. सरांनी समासात एवढेच लिहिले, 'यात तुम्ही कुठे आहात?' कमी गुणांपेक्षा तो प्रश्न मनाला अधिक लागला.

गंमत अशी, की दुसऱ्याच्या शब्दांचा मान कसा राखावा हे नाथांकडूनच शिकावे. ज्ञानेश्वरी १२९० मधली. पुढे नकला होता होता तीत अपपाठ शिरले. आपल्या शेजारच्या पैठणच्या नाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ती प्रत शुद्ध केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, असे बजावले. नाथ स्वतः थोर कवी. पण ज्ञानदेवांचे ते ज्ञानदेवांचेच, ही मर्यादा त्यांनी सांभाळली. खुद्द ज्ञानदेवांनीही ग्रंथाच्या शेवटी व्यासांचे व भाष्यकारांचे ऋण मोकळेपणाने सांगितले आहे.

तेव्हा मित्रहो, दुसऱ्याचे घेण्यात कमीपणा नाही. घेतलेले लपविणे, हेच वाङ्मयचौर्य.

ऋण केव्हा सांगावे? समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्या जिल्ह्यातील जांब येथे झाला, ही सर्वज्ञात माहिती. तिला आधार देण्याची गरज नाही. पण दासबोधाविषयी एखाद्या समीक्षकाचे मत घेतले, तर त्याचे नाव हवे. त्याचेच शब्द घेतले, तर अवतरणचिन्हे आणि तळटीपेत ग्रंथ व पृष्ठांक हवा. 'थोर'च्या जागी 'महान' घालून वाक्य आपले होत नाही. उतारा वाचावा, पुस्तक मिटावे, जे समजले ते लिहावे, मग मुळाशी ताडून पाहावे. आणि विचार त्याचा असल्यामुळे नाव तरीही द्यावे. टिपणे काढतानाच पृष्ठांक नोंदवला, तर पुढे उसने कोणते व आपले कोणते, हा गोंधळ होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत, प्रबंधातील साम्य ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास संशोधकाची नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. वर्षांची मेहनत अशी वाया जाऊ शकते. पण केवळ शिक्षेच्या भीतीने नावे देणे पुरेसे नाही. उतरवून काढणाऱ्याला स्वतःचा विचार करण्याची सवयच लागत नाही, हे नुकसान मोठे.

मी तो निबंध पुन्हा लिहिला. आठ पानांचा तीन पानांवर आला, भाषाही ओबडधोबड झाली. खाली चार तळटीपा होत्या. सरांच्या प्रश्नाला मात्र आता उत्तर होते.