दोष कुणाचा, तळीरामाचा की सुधाकराचा?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळानं यंदा राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातले निवडक प्रवेश बसवायला घेतले आहेत. वाचनाच्या पहिल्याच दिवशी दोन तट पडले. निम्मी मुलं म्हणतात, तळीरामानं सुधाकराचं घर बुडवलं. बाकीची म्हणतात, सुधाकर काही कुक्कुलं बाळ नव्हता. मला वेगळीच गोष्ट छळतेय. रामलालसारखा जिवाभावाचा मित्र असताना सुधाकर बुडालाच कसा?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुमच्या दोन्ही तटांपेक्षा तुमचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. तरी आधी तळीरामाकडे पाहू.

तळीराम हा सुधाकराच्या पदरचा कारकून. पहिला प्याला तोच पुढे करतो, हे खरं. पण तो कधी पुढे करतो ते संहितेत नीट पाहा. कोर्टात मुन्सफाशी सुधाकराची खडाजंगी होते आणि त्याची वकिलीची सनद काही काळासाठी जाते. अपमानानं डोकं भणभणत असताना, घटकाभर विसर पडावा म्हणून तो प्याला येतो. हाच तळीराम त्याआधीही घरात वावरत होता आणि तेव्हाही पीतच होता. त्या दिवसांत सुधाकरानं प्याल्याला हात लावला नाही. म्हणजे तळीरामानं दार फोडलं नाही, ते आतून उघडलं गेलं. तळीरामाला निर्दोष ठरवायचं माझ्या मनात नाही. बायकोला, गीतेला, त्यानं दिलेला छळ आणि ‘आर्यमदिरामंडळा’चा तो सगळा कारभार डोळ्यांसमोर आहेच. पण शेवटी तोही दारूनंच मरतो. त्याला खलपुरुष करून मोकळं व्हायचं, तर नाटक दोनच अंकांचं झालं असतं.

दार आतून का उघडलं, याचं उत्तर सुधाकराच्या स्वभावात आहे. तो बुद्धीच्या बळावर वर आलेला आहे. त्याची बायको सिंधू श्रीमंत घरातली, आणि ती श्रीमंती त्याला कायम बोचते. आपल्या हुशारीखेरीज आपल्यापाशी दुसरं काही नाही असं ज्याला वाटतं, त्याच्या हुशारीवर चारचौघांत घाव बसला की त्याला स्वतःचं असं काही उरतच नाही. हा माणूस तुम्हाला नांदेड-लातुरात शोधावा लागणार नाही. शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांतून रोज हजारो पोरं जातात. त्यांतली कितीतरी कुणब्याच्या, मजुराच्या घरची, गावच्या शाळेत कधी पहिला नंबर न सोडलेली. आईबापांनी त्यांच्यासाठी कर्ज काढलेलं असतं. ‘लातूर पॅटर्न’नं अशा मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण एका निकालानं कोसळून दार लावून बसलेलं पोर ज्यानं पाहिलंय, त्याला सुधाकर कळायला टिपा लागत नाहीत. तुमच्यातला जो सुधाकर करणार असेल, त्यानं दारुड्याची चाल शिकण्याआधी हा मानी, हुशार, सर्वांचा लाडका वकील उभा करावा. पहिल्या अंकात प्रेक्षकांचा त्याच्यावर जीव जडला नाही, तर पाचव्या अंकात कुणाच्या डोळ्यांत पाणी यायचं नाही.

आता रामलाल. गडकऱ्यांनी त्याला देवमाणूस केलेलं नाही, हे फार मोठं आहे. नाटकाच्या सुरुवातीलाच तो विलायतेला निघतो आणि मित्राच्या पडझडीचा पहिला काळ त्याच्या पाठीमागे सरून जातो. परतल्यावर तो सांगतो, समजावतो, मदतीला धावतो. पण तोवर मैत्रीची जात बदललेली असते. पूर्वी दोघे बरोबरीचे होते, आता एक सावरणारा आणि दुसरा सावरला जाणारा. सुधाकरासारख्या मानी माणसाला नेमकं तेच सोसत नाही. त्याच्यासाठी मदत हीही सनद जाण्याइतकीच मानहानी. रामलालचं मनही अगदी निर्मळ नाही. सुधाकराची बालविधवा बहीण शरद त्याच्याकडे शिकते. तिच्याकडे आपण ओढले जातोय हे उमगल्यावर तो स्वतःला फटकारतो आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या भगीरथासाठी वाट मोकळी करतो. पुढे दारूच्या भरात सुधाकराला रामलालचाच संशय येतो. ज्याचा हात धरायचा, त्याच्याच हाताचं भय वाटू लागलं की मित्र दहा असले तरी उपयोगाचे नसतात. रामलाल कमी पडतो, पण त्याचा दोष दुसऱ्याला वाचवू न शकणाऱ्याचा आहे. बुडवणाऱ्याचा नाही.

तुमच्या वादात एक नाव मात्र आलंच नाही, समाजाचं. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. कामधंदा मागायला जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे जातो आणि ती माणसं त्याला झिडकारतात. तिथून तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. नाटकातली माझ्या मते सर्वांत मोठी जबाबदारी इथे आहे. व्यसन सोडणाऱ्याला समाजानं परत घ्यावं लागतं, ही गोष्ट गडकऱ्यांनी रंगभूमीवर मांडली. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते १९८६ साली. त्या कामातही दारू सुटण्याइतकंच महत्त्व सुटल्यानंतर माणूस टिकण्याला आहे. निवडक प्रवेशांत हा झिडकारण्याचा प्रवेश गाळू नका. तो गाळलात तर सगळा दोष आपोआप तळीरामाच्या गळ्यात पडेल.

प्रश्न : शेवटी सुधाकराच्या मारानं मूल गेलेलं, स्वतःचं डोकं फुटलेलं, तरी सिंधू फौजदारासमोर नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. माझ्या वर्गातल्या मुली यावर चिडतात. म्हणतात, इतकं सोसून तिनंच त्याला मोकळं रान दिलं. यात सिंधूचाही दोष नाही का?
– एक शिक्षिका, लातूर

उत्तर : मुली चिडतात, हे मला मनापासून चांगलं वाटलं. त्यांना चिडू द्या, पण तो राग सिंधूवर काढू देऊ नका.

आधी नाटकाचा काळ लक्षात घ्या. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी. नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीनं महिन्याभरानं, २० फेब्रुवारीला बडोद्यात केला. बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. लेखकानं तो पाहिलाच नाही. त्या साली सिंधूपुढे कोणत्या वाटा होत्या? घटस्फोटाचा कायदा बडोदा संस्थानात यायला १९३१ साल उजाडलं आणि देशभर हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ मध्ये. तिला माहेर होतं, भाऊ पद्माकर न्यायलाही आला होता. पण नवऱ्याच्या मानापोटी तिनं माहेरची मदत न घेण्याची शपथ वाहिली आणि दळणं दळून संसार ओढला. म्हणजे सुधाकराच्या अभिमानाची किंमत सिंधूनं मोजली. मारणाऱ्याचा दोष सोसणारीच्या पदरात टाकण्याची आपल्याकडची खोड जुनी आहे. ‘तिनंच लाडावून ठेवला’ हे वाक्य आजही अंत्यविधीला कानावर येतं.

तरीही सिंधूची ती साक्ष आदर्श म्हणून शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक तिच्या पातिव्रत्यापुढे रडले. रडावं असंच ते लिहिलंय. पण त्या रडण्यात सुधाकर सुटतो. गडकऱ्यांनी मात्र त्याला सोडलेलं नाही. पत्नीनं कायद्याच्या तावडीतून सोडवलेला हा माणूस स्वतःच्या न्यायासनापुढे उभा राहतो, आपणच दोषी हे कबूल करतो आणि विष कालवलेला प्याला उचलतो. तळीरामाचं किंवा मुन्सफाचं नाव तो पुढे करत नाही.

वर्गात तुम्ही हा प्रवेश वाचाल तेव्हा मुलींना दोन गोष्टी सांगा. एक, सिंधूचं प्रेम खरं आहे आणि ते कमी लेखायचं कारण नाही. दुसरी, आज तिच्या जागी कुणी असेल तर खरं बोलणं म्हणजे प्रेमाशी बेइमानी नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, जिल्ह्यात संरक्षण अधिकारी आहेत, आणि घर न सोडताही संरक्षण मागता येतं. मुलग्यांनाही तिसरी गोष्ट सांगा : अपमान झाल्याच्या संध्याकाळी एकटं बसू नये, मित्राला हाक मारावी, आणि ती हाक ऐकू येईल तो मित्र त्याच दिवशी घरी पोचावा. रामलालला हे जमलं नाही, कारण तो फार दूर होता. तुमच्या वर्गातली मुलं एकमेकांपासून एका बाकावर आहेत.