विमान सुरक्षेचे निरीक्षक

विमानोड्डाण सुरक्षित व्हावे यासाठी वैमानिक व अभियंते दक्ष असतातच; त्यांच्या कामावर शासनातर्फे देखरेख ठेवण्याची जबाबदारी भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या निरीक्षकांवर आहे. उड्डाण निरीक्षक हा स्वतः अनुभवी वैमानिक असतो. वैमानिक कक्षातील जादा आसनावर बसून तो विमानचालनाचे निरीक्षण करतो. विमानतळावर टायर, आपत्कालीन दरवाजे, दुरुस्तीच्या नोंदी व परवाने यांची अचानक तपासणी होते. गंभीर दोष आढळल्यास उड्डाण रोखले जाते.

या पदांचे महत्त्व २०१४ साली प्रकर्षाने जाणवले. त्या वर्षी ३१ जानेवारी रोजी अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने भारताचा सुरक्षा दर्जा पहिल्या श्रेणीवरून दुसरीत आणला. आक्षेप होता तो शासकीय देखरेखीवर. पूर्णवेळ उड्डाण निरीक्षकांची संख्या अपुरी होती. परिणामी भारतीय विमान कंपन्यांना अमेरिकेसाठी नव्या सेवा सुरू करता येईनात. निरीक्षकांची भरती व प्रशिक्षण यांसह त्रुटी दूर केल्यावर एप्रिल २०१५ मध्ये पहिली श्रेणी परत मिळाली.

तपासणारा नसेल तर नियम पुस्तकातच राहतात, हा यातील बोध प्रत्येक खात्याने ध्यानी घ्यावा असा आहे.