साष्टी कोणाची?

समुद्रातील बेटावरून दोन देशांत तंटा म्हटला की भारत आणि श्रीलंका यांच्यामधील कच्चथीवू आठवते. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्याचाही असाच वाद शतकभराहून अधिक काळ चालला.

1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने साष्टी पोर्तुगिजांना दिली. पुढे 1661 च्या विवाहतहाने, राजकन्या कॅथरिनच्या आंदणात, मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली. पण मुंबई म्हणजे नेमके किती? साष्टी व ठाणे मुंबईचेच अंगभूत भाग होत, असा इंग्रजांचा दावा. पोर्तुगिजांना तो साफ अमान्य. 1665 मध्ये त्यांनी मुंबईचा ताबा दिला, साष्टी राखली. शिवाय ठाण्यापाशी मुंबईच्या मालावर जकात बसवली. याच खाडीपलीकडून, कल्याण-सोपाऱ्याहून, एके काळी दाते कान्हेरीच्या भिक्खुसंघाला दान देत. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतात.

1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. इंग्रजांचा मोह मात्र सुटला नव्हता. पेशव्यांच्या घरातील कलह साधून त्यांनी डिसेंबर 1774 मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला. म्हणजे 1775 मध्ये रघुनाथरावांनी सुरतेच्या तहाने जे बेट लिहून दिले, ते आधीच गेलेले होते! 1782 च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांकडे परतली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. बेटावरील कोळ्यांना, कुणब्यांना यांपैकी कोणत्याही तहात कोणी विचारले नाही.