आधी वहीत, मग कढईत

घरून फराळ, भाजण्या आणि मसाले विकणाऱ्यांचं दुकान आता फोनमध्येच असतं. माल दाखवायला इन्स्टाग्राम, बोलणी व्हॉट्सॲपवर, गल्ला यूपीआयचा. दसरा झाला की या घरांत जी धांदल उडते, तिचा दोष बहुतेक वेळा हाताखालच्या बायकांवर किंवा कुरिअरवाल्यावर जातो. खरं कारण म्हणजे ऑर्डरी चॅटमध्येच पडून राहतात. चॅट बोलण्यासाठी असतं, तिथे कामाची नोंद राहत नाही. वर सरकलेला मेसेज दिसेनासा होतो आणि मग रात्री अकरा वाजता कुणीतरी विचारतं, "ताई, माझं पार्सल निघालं का हो?"

खालची पद्धत फराळाच्या धंद्यासाठी लिहिली आहे. लोणची, पणत्या, साबण विकणाऱ्यांनी आपापल्या सोयीने फेरफार करावेत.

साहित्य: दोनशे पानी लांब रजिस्टर, निळं आणि लाल पेन, धंद्यापुरतं वेगळं सिम, वेगळं बँक खातं, वजनकाटा, मोजपट्टी, कोरी स्टिकरं. ॲप सध्या नको.

कृती

१. सिम आणि खातं आधी वेगळं करा. घरखर्चाच्या खात्यात ऑर्डरीचे पैसे आले की दुधाचं बिल आणि चिवड्याची कमाई एकमेकांत मिसळते, आणि वर्षअखेरीस सीएसमोर बसून ती निवडत बसावं लागतं.

२. रजिस्टर आखा. रकाने असे: ऑर्डर क्रमांक, तारीख, नाव, माल आणि वजन, कधी हवं, पत्ता आणि पिन, रक्कम, जमा, रवाना. क्रमांक १ पासून सुरू करा आणि हंगाम संपेपर्यंत मोडू नका. हाच क्रमांक पुढे चॅटवर, डब्यावर, पार्सलवर आणि पावतीवर जाणार आहे. नावावर विसंबू नका. एका सोसायटीत तीन कुलकर्णी असतात आणि तिघींनाही चकलीच हवी असते.

३. आता मुख्य काम: मेसेजमधून ऑर्डर वेगळी काढणं. यात घाई नको. समजा असा मेसेज आला: "ताई, मागच्या वेळसारखाच चिवडा एक किलो, चकली अर्धा पण तिखट कमी, बेसन लाडू आईकडे नाशिकला, बाकी माझ्याकडे ठाण्याला. लाडू शनिवारच्या आत. पैसे संध्याकाळी टाकते."

वाचायला सरळ आहे, पण लाडू किती ते लिहिलेलंच नाही. मागच्या वेळचा चिवडा पातळ पोह्यांचा होता की मक्याचा, हे जुनं पान उलटून बघायला हवं. पत्ते दोन, म्हणजे पार्सलं दोन आणि कुरिअरचा खर्चही दोनदा. घाई फक्त एका पार्सलाची आहे. म्हणून ऑर्डरचे ७४-अ आणि ७४-आ असे दोन भाग धरा आणि उत्तर असं पाठवा: "ऑर्डर क्र. ७४. (अ) बेसन लाडू, नाशिक, शनिवारपर्यंत. किती किलो ते कळवा. (आ) पातळ पोह्यांचा चिवडा १ किलो, चकली अर्धा किलो कमी तिखट, ठाणे. दोन्ही पत्ते पिन कोडसह द्या. वजन कळलं की कुरिअरसह एकूण रक्कम सांगते, मग 'हो' लिहा."

तो "हो" आला की निळ्या पेनाने वहीत दोन ओळी लिहा. त्याआधी नाही. फोनवर सांगितलेली ऑर्डर, व्हॉइस नोट, स्टेटसखाली टाकलेलं "मलापण" हे सगळं याच चाळणीतून जाऊ द्या. नणंदेची ऑर्डरसुद्धा.

४. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये रंगीत लेबलं मिळतात. त्यांतली तीनच वापरा: "हो बाकी", "पैसे बाकी", "रवाना". रोज तेच तेच टाइप करावं लागणारे मजकूर, म्हणजे दरपत्रक, पत्ता मागणारा मेसेज आणि वरचा खुलासा, झटपट उत्तरांत साठवून ठेवा. तिरकी रेघ देऊन ठरवलेलं लघुरूप लिहिलं की पूर्ण मजकूर उमटतो.

५. पैसे खात्यात दिसले तरच "जमा" लिहा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नका, तो कुणीही बनवू शकतं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कारण गर्दीच्या दिवसांत फोन कुणाच्याही हातात असतो. गिऱ्हाइकाला शेऱ्यात ऑर्डर क्रमांक लिहायला सांगितलं की रात्री खातं जुळवणं सोपं जातं.

६. वहीवरून कढईची यादी काढा. रोज रात्री पदार्थवार बेरीज करा: चकली एकूण किती, शेव किती, शंकरपाळी किती. मग आपल्या घरात एका दिवसात काय निघतं याचा प्रामाणिक अंदाज घ्या. दोन माणसं आणि एक कढई दिवसाला जितकी चकली काढतात, तितकीच निघते, कौतुकाच्या मेसेजांनी ती वाढत नाही. आकडा भरला की त्या पदार्थाच्या ऑर्डरी बंद करा आणि तसं स्टेटसवर लिहा.

इथे पदार्थाचा स्वभाव बघावा लागतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं असतं. मग सुकवणं, दळणं, गूळ घालणं, आणि पीठ मुरायला पुढचे चार-पाच दिवस. म्हणजे अनारशांच्या ऑर्डरी सगळ्यांत आधी बंद. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. लोकांना फराळ वसुबारसेच्या आत घरात लागतो, त्यामुळे अनारशांची ऑर्डर २० ऑक्टोबरनंतर घेऊ नये. शंकरपाळी आणि बेसन लाडू आधी करून ठेवता येतात. चिवडा आणि चकली मात्र शेवटी, पार्सल निघण्याच्या आदल्या दिवशी, कारण सादळले की तक्रार येणारच. ओल्या नारळाच्या करंज्या लांब पाठवूच नका, सुक्या खोबऱ्याच्या पाठवा. परदेशी पार्सलं सगळ्यांच्या आधी निघाली पाहिजेत, आणि तूप-दुधाचे पदार्थ त्या देशात चालतात का हे ऑर्डर घेण्यापूर्वी कुरिअर कंपनीला विचारा. ऑस्ट्रेलियाचे नियम याबाबत कडक आहेत.

७. डबा भरला की लगेच स्टिकर. पदार्थ, घटक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, तुमचा पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ अंकी नोंदणी क्रमांक. हा क्रमांक बिलावर छापणंही १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. शेंगदाणे असतील तर ठळक लिहा. कोपऱ्यात लाल पेनाने ऑर्डर क्रमांक. "नंतर लावू" म्हटलेल्या डब्यांत तिखट चकली कुठली आणि कमी तिखट कुठली, हे चाखल्याशिवाय कळत नाही.

८. पार्सलचं वजन आणि माप दोन्ही घ्या. चिवडा हलका पण जागा खाणारा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याच कुरिअर कंपन्या ५००० ने भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचेच पैसे घेतात. ३० × २५ × २० च्या खोक्याचे ३ किलो धरले जातात, आत चिवडा एकच किलो असला तरी. म्हणून खोक्यांची तीन मापं ठरवा आणि दर त्यावरून सांगा. खोकं बंद केल्यावर हलवून बघा. आतून आवाज आला तर कागद कमी पडलाय.

९. रवानगीचे वार ठरवा, मंगळवार आणि शुक्रवार पुरेत. पार्सलं पिन कोडच्या पहिल्या तीन आकड्यांप्रमाणे लावा: ४०० मुंबई, ४११ पुणे, ४०३ गोवा. अर्धवट किंवा चुकीचा पिन इथेच पकडला जातो. (ही पिनची योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवीही होते.) ट्रॅकिंग क्रमांक त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला पाठवा, "निघालं का"चे निम्मे फोन बंद होतात. परराज्यात करपात्र माल विकायचा असेल, तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. बेंगळुरूची पहिली ऑर्डर घेण्याआधी सीएला भेटा.

१०. फोनला वेळ बांधून द्या. सकाळी एक तास, दुपारी चारनंतर एक तास. बाकी वेळ "उत्तर चारनंतर मिळेल" असा आपोआप जाणारा मेसेज लावा आणि फोन स्वयंपाकघराबाहेर ठेवा. तळण चालू असताना उत्तर द्यायला गेलं की घाण्यातला माल लाल होतो आणि उत्तरही चुकतं. रात्री झोपण्यापूर्वी वहीच्या पानाचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. वहीवर तेल सांडतंच.

११. आठवड्यातून एकदा, सोमवारी दुपारी, खर्च लिहा. तेल, डाळी, गॅस, खोकी, कुरिअर, आणि आपली स्वतःची मजुरी. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो, घरचा चालत नाही, तेव्हा तो दर धरूनच हिशेब करा. मजुरी न धरल्यामुळे कितीतरी घरांत लाडू तोट्यात विकला जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

ऑर्डरी सांभाळणाऱ्या ॲपच्या जाहिराती तुम्हाला दिवाळीच्या तोंडावर हमखास दिसतील. वही महिनाभर एकही ओळ न चुकता भरली गेली असेल, तरच त्याचे पैसे भरा. वही रिकामी राहत असेल, तर ॲपही रिकामंच राहील.