विंडोजकडून लिनक्सकडे: जेथे इंटरनेट तुटपुंजे आहे तेथे



14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सुरक्षा-आधार संपला. संगणक त्यानंतरही चालतो. पण त्यात नव्याने सापडणाऱ्या फटी आता आपोआप बुजवल्या जात नाहीत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय लागते. अमरावती-अकोल्याच्या घरांतून वापरून झालेले आणि मेळघाटातील वसतिगृहांना भेट आलेले अनेक जुने संगणक तेथेच अडतात.

यावर आपल्याकडे एक सोपा रस्ता रूढ आहे: ओळखीच्या दुकानात थोडे पैसे देऊन परवाना नसलेली विंडोज टाकून घेणे. याविषयी मी स्पष्ट बोलते. निर्गम 20:15 ची आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो आणि त्या पाठाची प्रश्नपत्रिका ज्या संगणकावर टाइप होते, त्यातच न विकत घेतलेला माल असतो. गरिबीचे कारण पुढे केले जाते. पण मोफत आणि कायदेशीर वस्तू समोर असताना ते कारण टिकत नाही.

ती वस्तू म्हणजे लिनक्स. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ते सुरू केले. त्याच्या परवान्यातच प्रत काढण्याची आणि शेजाऱ्याला देण्याची मोकळीक आहे. मत्तय 10:8 शिकवताना मला हे उदाहरण हाताशी बरे वाटते. केरळच्या सरकारी शाळांतील मुले कित्येक वर्षे यावरच शिकत आहेत, म्हणजे हे फक्त इंजिनियरांचे काम नव्हे.

आता अडचण इंटरनेटची. नवशिक्यांसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मला योग्य वाटते. दोन जीबी रॅमवर ती चालते, चार असल्यास बरे. तिची फाईल तीन जीबीच्या आसपास आहे. मोबाइलचा रोजचा दीड जीबी डेटा तिला पुरत नाही, आणि परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसालकडे निघालो की रेंजचाही भरवसा नसतो. म्हणून ती फाईल शहरातच, ब्रॉडबँड असलेल्या एखाद्या कुटुंबाकडे, एकदाच उतरवून घ्यावी. टॉरेंटने उतरवल्यास मधेच लाइन गेली तरी राहिले तेथून पुढे सुरू होते. मग चेकसम, म्हणजे संकेतस्थळावर दिलेला अक्षर-आकड्यांचा लांबलचक मेळ, जुळतो का ते पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण एक अक्षर जरी चुकले तर ती फाईल घेऊन धारणीपर्यंत जाण्यात अर्थ नाही. नंतर रुफस या छोट्या प्रोग्रामने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, हे ध्यानात असू द्या.

याच पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, हार्डडिस्कला हात न लावता, लिनक्स चालवून पाहता येते. आवाज येतो का, वाय-फाय सापडते का, प्रिंटर छापतो का, हे तेव्हाच तपासा. वाय-फाय न सापडल्यास फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग करावे.

खरी कसोटी मात्र आपल्या मराठी फाईलींची. मंडळीतील जुनी गीते, वार्षिक अहवाल, मुलांच्या नोंदी कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. त्यात मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षरावर चढवलेले नुसते चित्र असते. तो फाँट नसला की पानभर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्यामुळे विंडोज काढण्यापूर्वीच या फाईली युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मूळ पानाची पीडीएफही ठेवा. बदलताना पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात, म्हणून ‘ख्रिस्त’ आणि ‘प्रार्थना’ हे दोन शब्द शोधून आधी तपासावेत. ते नीट असतील तर बाकीचे बहुधा नीट असते. पुढचे टायपिंग इनस्क्रिप्टने करावे. कोरकू भाषेतील देवनागरीत लिहिलेली गीतेही एकदा युनिकोडमध्ये आली की गावातल्या साध्या स्मार्टफोनवर उघडतात. एवढ्या एका लाभासाठीही हा खटाटोप करावा, असे माझे मत आहे.

सगळेच जमते असे नाही. टॅलीवर हिशेब असतील किंवा डिजिटल स्वाक्षरीची टोकन चावी लागत असेल, तर त्या कामासाठी परवाना असलेला एक विंडोज संगणक राहू द्यावा. काही जुने लेझर प्रिंटरही लिनक्सवर फार त्रास देतात. पत्रे, तक्ते, प्रश्नपत्रिका यांसाठी लिबरऑफिस मिंटसोबतच येते.

प्रत्यक्ष बसवताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडून पाहा. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर जोडा. भारनियमनाची वेळ टाळा. नंतर अपडेट मॅनेजर प्रत्येक सुधारणेचे वजन एमबीमध्ये दाखवतो. डेटा कमी असेल तर सुरक्षेच्या सुधारणा आधी घ्याव्यात आणि बाकीच्या संगणक शहरात येईल तेव्हा. वसतिगृहासाठी त्याच फेरीत किविक्स आणि मराठी विकिपीडियाची ऑफलाइन फाईलही उतरवून घ्या. मुलांना ती रेंजशिवाय वाचता येते. पेनड्राइव्ह मात्र पुसू नका. संगणक कधी सुरूच झाला नाही, तर त्याच्यावरूनच चालू करून फाईली बाहेर काढता येतात.